दारावर नाव लावता येईल असं घर

गेल्या महिन्याभरात तिघांनी मेसेंजरवर एकच प्रश्न विचारला. "ताई, लुडविकाची ऑफर आलीय, पगार ठीक वाटतो का?" तिघांनाही मी उलट विचारलं, राहणार कुठे? तिघांचं उत्तर एकच, "ते तिथं आल्यावर बघू." म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण बॅगा भरायच्या आधी वाचा.

लुडविका म्हणजे स्वीडनच्या दालार्ना भागातलं, वेस्मान तळ्याकाठचं छोटं गाव. आजूबाजूची खेडी धरूनही वस्ती साधारण सव्वीस हजार. पण विजेच्या क्षेत्रातल्या माणसाला हे नाव माहीत असतं. १९५४ साली गॉटलंड बेटावर समुद्राखालून डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज नेली, त्यामागचं काम इथलं. मी चंद्रपूरची, बाबा तिथल्या थर्मल वीज केंद्रात. चंद्रपूरहून पार मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर जाणाऱ्या डीसी लाइनच्या गोष्टी ऐकत मोठी झाले. त्यामुळे इथली ऑफर आली तेव्हा आमच्याकडे दिवाळीच होती. आणि मी वाढले ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. नोकरी लागली की क्वार्टर मिळतं, हे इतकं अंगात मुरलेलं की घराचं विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

नोव्हेंबरात आम्ही तिघं पोचलो. मुलगा चार वर्षांचा. सुरुवातीचे सहा आठवडे तात्पुरती सोय होती. त्या सहा आठवड्यांत कळलं की इथं ब्रोकर नाही, 'टू लेट'ची पाटी नाही, ओळखीनं चावी मिळत नाही. भाड्याची घरं बहुतेक रांगेनं मिळतात. रांगेत नाव घातलं की बऱ्याच ठिकाणी दिवसाला एक पॉइंट. घर रिकामं झालं की ज्याचे पॉइंट जास्त त्याला. भाडंही मालकाच्या मर्जीनं ठरत नाही, भाडेकरूंची संघटना आणि घरमालक वाटाघाटी करून ठरवतात. ही पद्धत मला मनापासून आवडते. आडनाव, जात, खाणंपिणं कुणी विचारत नाही. पुण्यात घर शोधताना काय काय विचारलं गेलं होतं ते आठवलं की तर फारच आवडते. पण काल विमानातून उतरलेल्या माणसाचे पॉइंट शून्य असतात, आणि थंडी त्याच्यासाठी थांबत नाही.

मग सेकंड हँड. म्हणजे मूळ भाडेकरूनं आपलं घर पुढे दुसऱ्याला द्यायचं. आम्हाला दोन खोल्यांचं घर मिळालं ते एका मराठी माणसाकडूनच. "ताई, दारावर तेवढं नाव नका लावू, बाकी सगळं मी बघतो," असं तो म्हणाला. दोन महिन्यांचं डिपॉझिट घेतलं, भाडं महिन्याला साडेदहा हजार क्रोनर (इथलं चलन). परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस सैल पडतो. आम्हीही पडलो.

आता ते नाव का महत्त्वाचं, ते नीट समजून घ्या. इथल्या बऱ्याच जुन्या इमारतींत घराच्या दाराला एक आडवी फट असते, वर झाकण. पोस्टमन जिना चढून त्या फटीतून पत्र आत टाकतो, आणि टाकताना दारावरचं नाव बघतो. तुमचं नाव नसेल तर पत्र परत. सरकारी कागदपत्रं, बँकेची पत्रं, दवाखान्याच्या तारखा, असं बरंच काही अजून पोस्टानं येतं. बालवाडीत आमच्या मुलाला जागा मिळाल्याचं पत्र दारापर्यंत आलं आणि परत गेलं. उत्तर द्यायची मुदत टळली, जागा दुसऱ्याला गेली. त्याच्या वयाची पोरं समोरच्या अंगणात लाल-पिवळे स्नोसूट घालून बर्फात लोळायची, आणि हा तासन् तास खिडकीशी उभा. त्याचं नाक काचेला टेकायचं तिथं वाफेचा एक गोल उमटायचा. तो गोल मी आयुष्यात विसरणार नाही.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा कपडे धुवायच्या सामाईक खोलीत हळूच विचारलं, "तुम्ही नक्की कोण? दारावर तर दुसरंच नाव आहे." त्यांनीच मग समजावलं की त्या घराचं खरं भाडं सहा हजारांच्या आसपास असणार, आणि सेकंड हँड द्यायला घरमालक कंपनीची परवानगी लागते. ती आमच्या माणसानं घेतलेलीच नव्हती. परवानगी नसताना वर अवाजवी भाडंही घेतलं, तर २०१९ पासून तो गुन्हा आहे. जास्तीचे पैसे परत मिळवायला भाडे लवादाकडे जाता येतं. आम्ही गेलो नाही. मुलाला घेऊन आधी बाहेर पडायचं होतं.

त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही. आपल्याच माणसाची अडचण हेरून दर महिन्याला चार-साडेचार हजार वरती काढायचे आणि वर गणपतीला आरतीत शेजारी उभं राहायचं, हे मला पटत नाही, कधी पटणारही नाही. असं घर चालवणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही हेच सांगणं आहे.

पण सगळा दोष त्याचाही नाही. घरंच कमी आहेत. हा सगळा खाणी आणि लोखंडाचा मुलूख. जुन्या काळी कारखाना माणसं बोलवायचा तेव्हा त्यांच्यासाठी घरंही बांधायचा, अशा गावांना इथं 'ब्रुक' म्हणतात. पुढे १९६५ ते ७४ या दहा वर्षांत सरकारी धोरणानं देशभर दहा लाख घरं बांधली. मग उद्योग मंदावले. शेजारच्या ग्रेंगेसबेर्गची खाण १९८९ मध्ये बंद झाली. माणसं गेली, घरं ओस पडली, आणि स्वीडनमधल्या अशा कितीतरी गावांनी पुढच्या वीसेक वर्षांत चांगल्या इमारती पाडून टाकल्या. आता काम परत आलंय, जगभरातून माणसं येतायत, आणि घर मात्र ज्यानं त्यानं शोधायचं. मला हे मान्य नाही. माणूस बोलावताय तर त्याच्या छपराचा विचार बोलावणाऱ्यानं आणि गावानं मिळून करायला हवा. हे काही नवीन नाही, याच मातीत ते होत होतं.

आमची सुटका झाली ती किराणा दुकानातल्या फळ्यामुळे. नवऱ्यानं मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये चिठ्ठी लिहून लावली, 'आम्ही तिघं, चार वर्षांचा मुलगा, घर हवंय', खाली फोन नंबर. मीही ऑफिसात कॉफीच्या वेळी दिसेल त्याला सांगत सुटले. नवव्या दिवशी ग्रेंगेसबेर्गहून एका वयस्क जोडप्याचा फोन आला. त्यांच्या घराचा खालचा मजला रिकामा होता. लुडविका तिथून पंधराएक किलोमीटर, बस होती. पहिल्या संध्याकाळी काका पत्रपेटीजवळ टॉर्च घेऊन उभे राहिले आणि आमच्या तिघांची नावं एकेक अक्षर विचारून पट्टीवर लिहिली. रांगेतून लुडविकात स्वतःचं घर मिळालं तेव्हा ४३१ पॉइंट झाले होते. ऑफर आली त्याच दिवशी नाव घातलं असतं तर चार महिने वाचले असते.

म्हणून, सही करायच्या आधी ईमेलवर विचारा: तात्पुरती सोय किती महिने, आणि त्यानंतर काय? तोंडी उत्तरावर जाऊ नका. रांगेत नाव आजच घाला, बऱ्याच ठिकाणी पर्सनल नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) नसतानाही घालता येतं. घर न बघता, करार न वाचता एक क्रोनरही पाठवू नका. सेकंड हँड घेत असाल तर घरमालकाची लेखी परवानगी डोळ्यांनी बघा. आणि ज्या पत्त्यावर सरकारदरबारी नोंद करू नका असं सांगतात, ते घर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. नोंद नाही तर पर्सनल नंबर अडतो, तो अडला की बँक आयडी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवायची सोय, अडते, आणि बँक आयडीशिवाय इथं पान हलत नाही.

आमच्याकडे एक खोली मोकळी आहे. आपण राहत असलेल्या घरात असं कुणाला ठेवून घेता येतं. जानेवारीत एकटं कुणी येणार असेल तर कळवा. भाड्याचा तिसरा हिस्सा द्यायचा, आणि दारावर आमच्या नावाखाली तुमचं नाव लागेल.