विंगफिल्डचा अक्रोड आणि चुकीचा क्रॉमवेल

डर्बीशरमधल्या विंगफिल्ड मॅनरच्या पडक्या भिंतींचा फोटो आणि त्याखाली एक चटकदार गोष्ट, असा मजकूर बराच फिरतो. गोष्ट अशी: हा मध्ययुगातला लढाऊ किल्ला. स्कॉटलंडची राणी मेरी इथे कैदेत होती. अँथनी बॅबिंग्टन नावाचा तरुण तोंडाला अक्रोडाचा रस फासून, जिप्सीच्या वेषात तिला भेटायला आत शिरला. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या खुनाचा कट दोघांनी इथेच रचला. जाताना त्याच्याकडून पडलेल्या अक्रोडाचं झाड आजही चौकात उभं आहे. पुढे सतराव्या शतकातल्या यादवीत पार्लमेंटचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याने तोफा डागून किल्ला उडवला आणि तेव्हापासून तो ओसाड आहे.

मेरी इथे कैदेत होती, एवढं निखळ खरं. बाकीच्या गोष्टीत कुठे अर्धं खरं आहे, तर कुठे तेवढंही नाही.

आधी ‘लढाऊ किल्ला’. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: गढी. तट आहे, देवडी आहे, नैर्ऋत्य कोपऱ्यात सत्तर फुटांवर उंच मनोरा आहे, टेकडीही मोक्याची आहे. पण बांधणाऱ्याला सैन्य ठेवायचं नव्हतं, थाटात राहायचं होतं. बाहेरच्या चौकातून पाहुण्याने आत यायचं, दुसरी देवडी ओलांडायची आणि मग आतल्या चौकापलीकडचं मोठं दालन त्याच्या नजरेत भरायचं, अशी सगळी मांडणी. दालनाला चौकाच्या बाजूने उंच, नक्षीदार, बाहेर काढलेली खिडकी आहे. खाली दगडी कमानींचं तळघर इतकं देखणं आहे, की ते नुसतं कोठार होतं यावर विश्वास बसत नाही. देवडीवर पैशांच्या थैल्या कोरल्या आहेत, कारण मालक इंग्लंडचा खजिनदार होता. हुद्दा दारावर कोरून घेणारा माणूस तोफांचा विचार करत होता, असं मला तरी वाटत नाही. याच गृहस्थाने लिंकनशरमध्ये टॅटरशलला विटांचा भला मोठा मनोरा बांधला. त्यातही संरक्षणापेक्षा मिरवणं जास्त आहे.

आता अक्रोड. ही गोष्ट लोकांना फार प्रिय आहे, म्हणून जरा सावकाश पाहू.

मेरीला पहिल्यांदा विंगफिल्डला आणलं ते १५६९ मध्ये. तेव्हा ती अर्ल ऑफ श्रूझबरीच्या पहाऱ्यात होती. बॅबिंग्टनचा जन्म १५६१ चा, म्हणजे त्या वेळी तो सात वर्षांचा. तेव्हा वेषांतराचा प्रश्नच नाही. ती पुन्हा इथे आली सप्टेंबर १५८४ मध्ये. आता पहारा सर राल्फ सॅडलरचा होता, आणि जानेवारी १५८५ मध्ये तिला टटबरीला हलवलं. गोष्ट बसवायचीच तर ती या चार-पाच महिन्यांत बसवावी लागते.

पण ज्याला आपण बॅबिंग्टनचा कट म्हणतो तो १५८६ च्या उन्हाळ्यातला. तेव्हा मेरी स्टॅफर्डशरमध्ये चार्टलीला होती. पत्रं बिअरच्या पिंपातून जात-येत होती आणि एलिझाबेथच्या हेरखात्याचा प्रमुख वॉल्सिंगहॅम याची माणसं प्रत्येक पत्र फोडून, सांकेतिक लिपी उलगडून वाचत होती. या कटात समोरासमोर भेट नव्हतीच. जे झालं ते कागदावर, आणि त्या कागदांमुळेच आधी बॅबिंग्टनचा आणि मग १५८७ मध्ये मेरीचा जीव गेला. कटाच्या वेळी विंगफिल्ड सोडून तिला दीड वर्ष झालं होतं.

मग गोष्ट इथेच का चिकटली? बॅबिंग्टनचं गाव डेथिक इथून चारेक मैलांवर आहे. गावच्या पोराचं नाव गावच्या पडक्या वाड्याला चिकटायला वेळ लागत नाही. सिंहगडावरची घोरपड आपल्याला परकी नाही.

झाडाबद्दल एकच विचारतो. अक्रोडाच्या हिरव्या सालीने कातडी काळपट होते, हे खरंच आहे. पण १५८४ मध्ये हा चौक नांदत्या घरातला होता. राजकैद्यावर पहारा होता, नोकरचाकर दिवसभर ये-जा करत होते. तिथे उगवलेलं रोप उपटायचं कुणाला सुचलं नाही? आणि साठ वर्षांनी झालेल्या वेढ्यातूनही ते वाचलं? अक्रोडाचं झाड चारशे वर्षं जगणं मुळात दुर्मीळ. चौकात माणसांची वर्दळ थांबल्यावर उगवलेलं झाड असावं, हा सरळ अंदाज पुरेसा आहे.

आता क्रॉमवेल. विंगफिल्डशी एका क्रॉमवेलचा संबंध आहे खरा, पण तो बांधणारा. वर सांगितलेला खजिनदार तो हाच: राल्फ, लॉर्ड क्रॉमवेल. सहाव्या हेन्रीच्या काळात, १४४० च्या सुमारास त्याने बांधकाम काढलं आणि १४५६ मध्ये तो निपुत्रिक वारला. ऑलिव्हर त्याचा वंशज असणं शक्यच नाही. ऑलिव्हरचं घराणं मूळचं विल्यम्स, क्रॉमवेल हे आडनाव त्यांनी नंतर लावलं.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीत इथे लढाई झाली, हेही खरं. १६४३ च्या डिसेंबरात राजाच्या सैन्याने गढी घेतली. ऑगस्ट १६४४ मध्ये पार्लमेंटच्या फौजेने जड तोफा आणून भिंतीला खिंडार पाडलं आणि ती परत मिळवली. त्या तोफा आणणारा सेनानी होता लॉरेन्स क्रॉफर्ड. गंमत म्हणजे त्याचं आणि ऑलिव्हर क्रॉमवेलचं हाडवैर होतं. पुढे १६४६ मध्ये पार्लमेंटने गढी निकामी करायचा हुकूम काढला. म्हणजे शत्रूला पुन्हा ठाणं करता येऊ नये इतपत तोडफोड. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या कित्येक गडांच्या वाटा आणि दरवाजे सुरुंगाने उडवले, त्यामागेही हाच विचार होता.

आणि ‘तेव्हापासून ओसाड’ हे तर सपशेल चूक. यादवीनंतर इथे इमॅन्युएल हाल्टन राहायला आला. नॉरफोकच्या ड्यूकचा कारभारी, गणित आणि आकाशनिरीक्षणाचा नादी, डर्बीचा खगोलशास्त्रज्ञ जॉन फ्लॅमस्टीड याचा स्नेही. १६७६ चं सूर्यग्रहण त्याने इथूनच पाहिलं आणि त्याच्या नोंदी फ्लॅमस्टीडमार्फत छापल्याही गेल्या. मोठ्या दालनात फेरफार करून त्याने तिथे घर थाटलं. विंगफिल्ड खऱ्या अर्थाने ओरबाडलं ते त्याच्याच घराण्यातल्या मॅथ्यू हाल्टनने, १७७० च्या दशकात, तोफेशिवाय. त्याला दरीपलीकडे नवं घर बांधायचं होतं आणि तयार, घडीव दगड इथे फुकट होता. ते घर, विंगफिल्ड हॉल, अजून उभं आहे. गढीतले हरवलेले दगड शोधायचे तर तिथल्या भिंतींत शोधावेत.