नोंदीचं झाड

तोक्योत यासुकुनी देवस्थानाच्या आवारात एक चेरीचं झाड आहे. मार्चमध्ये हवामान खात्याचा माणूस रोज तिथे येतो, मान वर करून उमललेली फुलं मोजतो आणि पाच-सहा दिसली की जाहीर करतो, तोक्योत साकुरा फुलला. भोवती कॅमेरे असतात, लोक टाळ्या वाजवतात. २०२३ साली ही घोषणा १४ मार्चला झाली, पुढच्या वर्षी थेट २९ मार्चला. एका झाडावरून सगळ्या शहराचं ठरवता येतं, कारण इथली बहुतेक चेरी 'सोमेइयोशिनो' या एकाच जातीची, कलमं करून वाढवलेली आहे. एकाच झाडाची लेकरं म्हणून ती एकदमच फुलतात.

आमचं घर तोक्योच्याच एदोगावा भागात, निशी-कासाईला. या भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत. दरवर्षी आम्ही चार-पाच घरं मिळून हनामीला शिंजुकू ग्योएन या मोठ्या बागेत जातो. हनामी म्हणजे फुलं पाहणं, बस. चटई, थालीपीठं, दह्याचा डबा. दारू न्यायला बंदी, म्हणून दारात पिशव्या तपासतात. यंदा आम्ही बसलो तिथल्या झाडाची एक जाड फांदी जमिनीपासून हातभर उंचीवर आडवी गेली होती. तिच्याखाली लाकडाचा टेकू दिलेला, आणि टेकू न् साल यांच्यामध्ये काथ्यासारख्या दोराचे वेढे, साल घासू नये म्हणून. धाकटीने विचारलं, "आई, झाडाला लागलंय का?" मी म्हटलं, म्हातारं झालंय, काठी दिलीय. ती पुढचा अर्धा तास त्या फांदीपाशीच बसून होती.

त्याच दिवशी माहेरच्या ग्रुपवर एक फोटो आला. विक्रोळीला पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेने फुललेली गुलाबी झाडं, आणि खाली ओळ, 'जपानला जायची गरज नाही, हा बघा मुंबईचा चेरी ब्लॉसम!' फोटो सुरेख होता. पण त्या झाडाला आपल्याकडे वसंतराणी म्हणतात. ती मूळची अमेरिका खंडातली, परदेशी आहे हे खरं, पण इतकं गोड मराठी नाव मिळालेलं असताना तिला जपानी झाडाचं नाव का द्यावं? पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प फुललं की तेच. आणि त्याच सुमारास पळस, पांगारा, काटेसावर पानं टाकून लालभडक उभे असतात, त्यांचा फोटो ग्रुपवर क्वचितच येतो.

मला या नावाचं इतकं लागतं, त्यामागे गेल्या नोव्हेंबरातला वाद आहे. मी नाशिकची. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली दीड हजारांहून जास्त झाडं तोडण्याची महापालिकेची नोटीस निघाली आणि लोक रस्त्यावर आले. आमच्या घरातही दोन तट पडले. काका म्हणाले, बारा वर्षांनी येणारा सोहळा आहे, साधूंना जागा नको का? मामेभाऊ म्हणाला, एकाच्या बदल्यात दहा लावतील की. आणि मला उद्देशून, "ताई, तू तिकडे बसून बोलतेस, तुला सोपं आहे."

काकांचा प्रश्न रास्त आहे, साधूंची सोय व्हायलाच हवी. भावाचं म्हणणंही मी मनावर घेतलं. इकडे जपानात सगळं छान असतं असं मी कधी म्हटलेलं नाही. तोक्योतही मेइजी जिंगू गाइएन या जुन्या उद्यान-परिसराच्या पुनर्विकासासाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. संगीतकार र्युइची साकामोतो यांनी २०२३ मध्ये, मरणाच्या काही आठवडे आधी, तोक्योच्या राज्यपाल कोइके यांना ती वाचवा असं पत्र लिहिलं होतं, तरीही २०२४ मध्ये तोड सुरू झाली. हवामान खात्यानेही २०२१ पासून निसर्गाच्या नोंदी ५७ प्रकारच्या झाडा-प्राण्यांवरून सहा झाडांवर आणल्या.

पण 'एकाच्या बदल्यात दहा' हा हिशेब मला पटत नाही, आणि त्याचं कारण यासुकुनीचं ते झाड आहे. कुणी वर्षानुवर्षं बघितलेलं झाड आणि रोपवाटिकेतलं रोप यांची वजाबाकी होत नाही. क्योतोत साकुरा कधी फुलला याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. म्हणून तर २०२१ चा २६ मार्चचा पूर्ण बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सगळ्यांत लवकरचा, असं सांगता आलं. तपोवनातली चिंच गेल्या वर्षी कधी फुलली हे कोण सांगेल? आपल्याकडे कायदा आहे, १९७५ चा. झाड तोडायचं तर झाडावर नोटीस लावावी लागते, हरकतीला सात दिवस मिळतात. त्या नोटिशीच्या दिवशी आपण त्या झाडाकडे पहिल्यांदा बघतो, हे मला खुपतं.

आणि वसंत आपल्याला नवा नाही. गुढीला कडुलिंबाचा डहाळा, दाराला आंब्याची पानं, चैत्रगौरीपुढे आंब्याची डाळ न् पन्हं. आमच्या नाशकात रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात, त्यांत फुलं उकळून रंग करायची जुनी रीत आहे. फरक एवढाच, की आपण झाडाचं काहीतरी तोडून घरी आणतो. झाडाखाली जाऊन बसत नाही. चैत्रगौरीचं हळदीकुंकू एका वर्षी फुललेल्या बहाव्याखाली का करू नये? अठराव्या शतकात योशिमुने या शोगुनने, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाने, तोक्योतल्या असुकायामा टेकडीवर चेरी लावून घेतली आणि सामान्य लोकांना तिथे बसू दिलं. ही सवयही कधीतरी, कुणीतरी लावलेलीच आहे.

भारतात 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम आहे. कुणीही आपलं एक झाड निवडून दर आठवड्याला त्याची पानं, कळ्या, फुलं, फळं नोंदवू शकतं. मी आईला त्यात ओढलं. तिच्या गॅलरीसमोर, रस्त्यापलीकडे बहावा आहे. पहिल्या आठवड्यात ती वैतागली, "अगं, त्यात काय लिहायचं? नुसत्या काळ्या शेंगा लोंबतायत." मी म्हटलं, तेच लिही.

काल रात्री फोन आला. इकडे साकुराच्या पाकळ्या नाल्यातून वाहून चालल्या होत्या, मी पुलावर उभी होते. आई घाईघाईने म्हणाली, "डाव्या बाजूच्या फांदीला कळ्यांचे तुरे आलेत. चष्मा लावून मोजले, सात आहेत. आणि ऐक, समोरच्या जोशीकाकूही आता बघायला येतात."