आहोनेनला ‘अपयशी’ म्हणू नका

तुमच्या लेखात फिनलंडचा स्की जंपर (बर्फाळ टेकडीवरच्या उतारावरून स्कीवर लांब उडी मारणारा खेळाडू) यान्ने आहोनेनची कारकीर्द ‘ऑलिम्पिकमध्ये अपयशी’ अशी एका ओळीत उरकली आहे. ते मनाला लागलं. वैयक्तिक पदक नाही, हे खरं. पण 2002 आणि 2010, दोन्ही वेळा नॉर्मल हिलवर (लहान टेकडीवरच्या स्पर्धेत) तो चौथा होता.

2002 ची ऑलिम्पिक सांघिक स्पर्धा तर विसरता येत नाही. जर्मनी 974.1, फिनलंड 974.0! चार खेळाडू, प्रत्येकी दोन उड्या आणि फरक 0.1 गुणाचा. त्या टेकडीवर एका मीटरला 1.8 गुण होते आणि अंतर अर्ध्या मीटरच्या टप्प्यात मोजतात. म्हणजे फिनलंडच्या आठ उड्यांपैकी एकाच उडीत कुणी अर्धा मीटर पुढे उतरला असता, किंवा एक पाय पुढे टाकून नीट टेलीमार्क लँडिंग करत शैलीचा अर्धा गुण जास्त मिळवला असता, तर सुवर्ण फिनलंडचं होतं. याला अपयश कसं म्हणायचं?

शिवाय फोर हिल्स टूर्नामेंट (जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या चार टेकड्यांवरची स्पर्धा) पाच वेळा जिंकणारा तो एकटाच आहे (2006 मध्ये याकुब यांडाशी बरोबरी झाल्याने दोघांना विजेतेपद मिळालं). चार ठिकाणी सलग चांगल्या उड्या मारायच्या, वाऱ्याचा भरवसा नाही, एक उडी फसली की सगळं गेलं. माझ्या मते खरा कस तिथेच लागतो. वर्ल्ड कपच्या, म्हणजे मोसमभर चालणाऱ्या मालिकेच्या, स्पर्धांतले 36 विजय आणि 2004, 2005 चं एकूण विजेतेपद वेगळंच. लेखात यातलं काहीच नाही. कृपया भर घाला.