पद्मिनीचा विमा भंगाराच्या भावात कसा उतरवावा

आपल्या दारात प्रीमिअर पद्मिनी, ॲम्बॅसेडर किंवा मुंबईकर जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणत तशी एखादी जुनी गाडी आच्छादन घालून उभी असेल, तर तिची खरी किंमत आपल्याला तोंडपाठ असणार यात शंका नाही. ती किंमत आपण लग्नकार्यात, सोसायटीच्या गणपतीत आणि पेट्रोल पंपावर चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला सांगता. ‘मागच्या महिन्यात एक जण पाच लाख द्यायला तयार होता, पण मी सांगितले, विकायची नाही’ हे वाक्य तर घरातली मुले आता आपल्याआधी पूर्ण करतात. हीच किंमत चुकूनही विम्याच्या कागदावर येऊ नये याची काळजी कशी घ्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. काम अवघड नाही. बहुतेक मालक ते कोणत्याही मार्गदर्शनाशिवाय वर्षानुवर्षे उत्तम रीतीने करत आले आहेत.

पहिली अडचण अशी, की या बाबतीत नियम आपल्या बाजूचे आहेत. नव्या गाडीचे घोषित मूल्य, म्हणजे गाडी पूर्णपणे गेली तर भरपाईसाठी धरायचा आकडा, ज्याला सगळे आयडीव्ही म्हणतात, ते एका ठरावीक तक्त्याने उतरत जाते: सहा महिन्यांच्या आतल्या गाडीला ५ टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. तिथे मालकाला बोलायला जागाच नसते. पाच वर्षांपुढच्या गाड्यांसाठी आणि कारखान्याने बनवणे बंद केलेल्या मॉडेलांसाठी मात्र २००२ च्या मोटार विमा दरपत्रकाने तक्ताच दिलेला नाही. त्यांचे मूल्य कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवावे, असे ते सांगते. पद्मिनी या दोन्ही अटींत बसते. शिवाय एकदा ठरलेले मूल्य पॉलिसीच्या संपूर्ण मुदतीत, आणखी घसारा न लावता, गाडीचा बाजारभाव म्हणूनच धरले जाते. याचा अर्थ असा, की आपण तोंड उघडले, चार कागद पुढे ठेवले आणि मूल्य वाढवून मागितले, तर ते वाढण्याचा मोठा धोका संभवतो. म्हणून तोंड उघडू नये.

नूतनीकरणाच्या दिवशी शक्यतो घाईत असावे. पॉलिसी संपायच्या रात्री साडेअकराला मोबाइल हातात घेणे सर्वांत श्रेयस्कर, कारण त्या वेळी कार्यालयातला जाणता माणूस उपलब्ध नसतो आणि पडद्यावर जो आकडा येतो तोच वेदवाक्य ठरतो. तो आकडा साधारण २५,००० रुपयांच्या आसपास असेल. त्याखाली मूल्य कमी-अधिक करण्याची सोय दिसली, तर ती आपल्यासाठी नाही असे समजावे. आणि हात लावायचाच असेल तर डावीकडे सरकवावे, म्हणजे हप्ता आणखी थोडा उतरतो. एजंटामार्फत विमा घेणाऱ्यांनी ‘साहेब, जुन्या गाडीला एवढेच मिळते’ हे त्याचे म्हणणे विनाप्रश्न स्वीकारावे. तो बिचारा खोटे बोलत नसतो. आजवर त्याला कोणीही याहून जास्त मागितलेले नसते, एवढेच.

इथे एखादा चोखंदळ वाचक विचारील, की मूल्य वाढवले तर हप्ता किती वाढतो? प्रश्न रास्त आहे आणि उत्तर लपवण्यात अर्थ नाही. जुन्या दरपत्रकाप्रमाणे मुंबई-पुण्यातल्या, १००० ते १५०० सीसीच्या आणि दहा वर्षांवरील गाडीला स्वनुकसानाचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, दर शेकडा ३.५२९ रुपये होता. म्हणजे ५ लाखांच्या मूल्यावर सुमारे १७,६४५ रुपये, आणि २५,००० च्या मूल्यावर सुमारे ८८२. २००७ पासून हे दर मोकळे झाले, त्यामुळे आज घासाघीस केली आणि दावा न केल्याची सवलत जमेस असली, तर मोठा आकडा पुष्कळ खाली येतो. तरी फरक उरतोच, आणि तो वाचवणे हे आपले कर्तव्य आहे. वाचलेल्या पैशांतून पुढच्या जाळीला आणि दोन्ही बंपरांना नव्याने क्रोम करून घ्यावे, जेणेकरून विम्याबाहेर राहिलेल्या मालमत्तेत चांगली भर पडेल.

ज्यांना मुळीच त्रास नको असेल त्यांनी केवळ थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, विमा घ्यावा. जून २०२२ पासूनच्या दराने तो या गटातल्या गाडीला ३,४१६ रुपयांना पडतो, आणि गाडी विंटेज म्हणून नोंदलेली असेल तर निम्म्या दराने. त्यात आपल्या गाडीची किंमत कुठेही लिहावी लागत नाही, त्यामुळे ती कमी लिहिल्याचा दोषही येत नाही.

विंटेज नोंदणीचा विषय निघालाच आहे, तर त्यातला गोंधळ नीट जोपासावा. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे, पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी ‘विंटेज’ ठरते. २०,००० रुपये भरले की ‘व्हीए’ अक्षरांची नवी क्रमांकपाटी मिळते आणि नोंदणी दहा वर्षे चालते. आरटीओतून ही पाटी लावून आलेला मालक साहजिकच असे समजतो, की आता विमा कंपनीही गाडीला मान देईल. परंतु विम्याच्या जुन्या दरपत्रकातली विंटेज गाडी ही ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली असावी लागते; स्वनुकसानाच्या हप्त्यातली २५ टक्के सूट तिलाच, आणि संपूर्ण नुकसान झाल्यास आधी मान्य केलेली रक्कम घसारा न कापता देणारी पॉलिसीही तिलाच. म्हणजे १९५६ ची डुक्कर फियाट आरटीओच्या खिडकीवर विंटेज आणि विमा कंपनीच्या टेबलावर केवळ जुनी. ही विसंगती आपण लक्षात आणून देऊ नये. लक्षात आणून दिली तर ‘मग मूल्य लेखी ठरवू’ अशी चर्चा सुरू होण्याची भीती असते. आणि व्हीए पाटी लावून रोज मंडईत जाणे मात्र चालू ठेवावे, कारण नेहमीच्या वापरासाठी अशी गाडी रस्त्यावर आणू नये, हे नियमातले वाक्य इतरांसाठी लिहिलेले असणार.

कागदपत्रांबाबत शिस्त हवी. मेस्त्रीने इंजिन उतरवून बोअर केले, पत्र्याचे काम तीन महिने चालले, नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हिंडून मूळ टेललॅम्प मिळवला, या सर्वांची बिले घेऊ नयेत. घेतलीच तर मेस्त्रीने ज्या कोऱ्या कागदाच्या मागे आकडे मांडले तेवढाच कागद ठेवावा आणि तो पावसाळ्यात डिकीत राहू द्यावा. फोटो भरपूर काढावेत, पण सूर्यास्ताचे. तळ, चॅसिसचा क्रमांक, इंजिनाचा भाग, आतले छत अशा नीरस जागांचे फोटो काढू नयेत. परवानाधारक मूल्यमापकाकडून अहवाल घेणे तर सर्वस्वी टाळावे. तो गाडी उचलून खालून पाहतो आणि मग एक आकडा लिहून सही करतो, जो पुढे कंपनीला दाखवता येतो. बाहेरून बसवलेला एसी वेगळा जाहीर करायचा असतो आणि त्यासाठी त्याच्या मूल्याच्या ४ टक्के भरायचे असतात, हेही विसरावे. गाडीत दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचे डिझेल इंजिन बसवले असेल आणि नोंदणीपुस्तकात पेट्रोलच लिहिलेले असेल, तर प्रश्नच मिटला. तिथे मूल्य कितीही लिहा, दावा उभाच राहायचा नाही.

आता या साधनेचे फळ प्रत्यक्ष पाहू. सिग्नलला आपण उभे असता आणि मागून एक टेम्पो येऊन टेकतो. फार काही नाही: मागचे मडगार्ड, डिकीचे झाकण, बंपर, एक टेललॅम्प, काचेची रबर बीडिंग. गॅरेजवाला ५०,००० चा अंदाज देतो, त्यात सुटे भाग २०,०००, रबरी सामान २,०००, रंगकाम १६,००० आणि मजुरी १२,०००. कंपनीने नेमलेला, नुकसान मोजणारा सर्व्हेअर येतो, चष्मा पुसतो आणि कापायला बसतो. दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मा घसारा, रबरावर निम्मा, आणि रंगाच्या एकत्रित बिलातला २५ टक्के भाग साहित्याचा धरून त्यावरही निम्मा. मजुरी तो पूर्ण मान्य करतो. बेरीज ३७,००० येते. मग तो पॉलिसीवरचे मूल्य पाहतो, २५,०००. दुरुस्तीचा मान्य खर्च मूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे, म्हणजे इथे १८,७५० च्या पुढे गेला, की गाडी संपूर्ण नुकसानीत जमा. अशा रीतीने जी गाडी आपण स्वतः चालवत गॅरेजात आणली, जिचे इंजिन अजून हळुवार गुणगुणते आहे आणि जिच्या स्टिअरिंगखालचा गिअर अजून लोण्यासारखा पडतो, ती गाडी कागदोपत्री संपलेली असते. हे सर्व्हेअरच्या दुष्टपणामुळे घडत नाही. त्याने आपण मान्य केलेल्या आकड्यावर आपण मान्य केलेला नियम लावलेला असतो.

(पाच लाखांचे मूल्य लिहिलेल्या हट्टी मालकाला याच अपघातात, दाव्यामागे मालकाने स्वतः सोसायचे सक्तीचे १,००० वजा जाऊन ३६,००० मिळतात आणि गाडी तीन आठवड्यांत दुरुस्त होऊन घरी येते. त्याला सांगण्यासारखी काही हकिगतच उरत नाही.)

पुढचा टप्पा अवशेषांच्या किमतीचा. सर्व्हेअर मोडीचे भाव मागवतो आणि भंगारवाला येतो. या संपूर्ण प्रकरणात पद्मिनीची खरी किंमत जाणणारा आणि ती न लाजता बोलणारा आपल्यानंतरचा हा एकमेव गृहस्थ. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, हे त्याला माहीत असते; मूळ दारे, मूळ जाळी, न तडकलेला डॅशबोर्ड यांना गिऱ्हाईक कुठे आहे तेही माहीत असते. तो एका फेरीत गाडी पाहतो आणि १८,००० बोलतो. गाडी आपल्याकडेच ठेवायची म्हटली, तर २५,००० मधून तेच सक्तीचे १,००० जाऊन उरलेल्या २४,००० मधून ही रक्कम वजा होते आणि हातात ६,००० येतात, ज्यांत एक मडगार्ड सरळ होऊ शकेल. गाडी द्यायची म्हटली, तर २४,००० घेऊन नोंदणीपुस्तक परत करावे आणि टोइंगवाला वाड्याच्या फाटकातून ती ओढत नेताना शेजाऱ्यांना पाच लाखांची गोष्ट शेवटची एकदा सांगावी.

यावर संताप येणे स्वाभाविक आहे आणि त्याचीही सोय आहे. कंपनीला लेखी तक्रार द्यावी, आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जावे. त्यांची कार्यालये मुंबईत आहेत, पुण्यातही आहेत, आणि तक्रारीला शुल्क लागत नाही. अर्ज सविस्तर लिहावा. त्यात वडिलांनी गाडी कशी घेतली, तिच्यातून कोण कोण प्रसूतीला गेले, पाच लाख देणारा माणूस कसा तीनदा येऊन गेला, हे सर्व यावे. तिथले अधिकारी शांतपणे ऐकून घेतात. मग ते पॉलिसीची प्रत मागतात आणि विचारतात, की हे २५,००० चे मूल्य आपल्याला मान्य नव्हते, तर तसे आपण कंपनीला कधी कळवले होते.