काकांच्या ट्यूबा

महाराष्ट्र दिनाला पहाटे तीनच्या सुमारास आमच्या नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीतला सर्व्हर मेला. डेटा साठवायला चार एसएसडी, म्हणजे चिपवाल्या ड्राइव्ह, रेड फाइव्हमध्ये जोडलेल्या, म्हणजे एक गेली तरी गाडी चालते, पण इथे चारही गेल्या, एकीमागे एक. मी गंगापूर रोडवरून बर्म्युड्यावरच निघालो. ड्राइव्ह काढून लावल्या, केबल बदलल्या, स्पेअर कंट्रोलर टाकला, काही नाही. जुनी हार्डडिस्क मरायच्या आधी टकटक करून सांगायची तरी, ही बया आवाज न करता गेली. सपोर्टचा मुलगा तीनदा म्हणाला, सर, रिस्टार्ट करून बघा. सुट्टीचा दिवस, पहाटेची वेळ, आणि मी रिस्टार्ट करतोय.

नऊला अकाउंट्सचे काका आले. सुट्टीला हा माणूस का येतो हे त्यांच्या घरच्यांना विचारावं लागेल. त्यांनी भडंगाची पुडी सोडली आणि माझ्यामागे खुर्ची टाकून बसले.

"चारही एकदम?"

"हो."

"एकाच दिवशी बसवलेल्या का?"

"काका, सर्व्हर एकच आहे, एकाच दिवशी बसणार ना!"

"मग एकाच दिवशी जाणार. आमच्या जिन्यात आठ ट्यूबा एकदम लावल्या, एकदम गेल्या."

मी भडकलो. दहा मिनिटं समजावलं की काका ही ट्यूब नाही, हिचं आयुष्य किती लिहिलं त्यावर मोजतात, कालच्या रिपोर्टमध्ये ९० टक्क्यांच्या वर शिल्लक होतं. काकांनी सगळं ऐकलं, भडंग चावत.

"पण गेल्या ना?"

यावर काय बोलणार. मग त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं. "२०१९ चा दसरा, ८ ऑक्टोबर, अकराला पूजा करून चालू केला. पेढ्यांचं व्हाउचर आहे. नंतर बंद नाही." यांना खोटं पाडायचं म्हणून मी ड्राइव्हचा मॉडेल नंबर शोधला आणि तिथेच घाम फुटला. त्या मॉडेलच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, चूक होती, चालू राहून ४०,००० तास झाले की ड्राइव्ह कायमची बंद, डेटाही परत नाही. काकांनी कॅल्क्युलेटर काढला. १,६६६ दिवस १६ तास. बोटं मोडत तारीख मोजली, १ मे, पहाटे तीन.

या चुकीची सूचना मार्च २०२० मध्येच निघाली होती, म्हणजे लॉकडाऊनच्या तोंडावर, आणि ती आली होती माझ्या आधीच्या माणसाच्या मेलवर, जो आता हिंजवडीत सुखात आहे. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये असाच ३२,७६८ तासांचा घोळ निघालेला, दोनचा पंधरावा घात, तिथे मोजणीचा खाना भरतो एवढंच. लाखाची वस्तू, आणि मोजायला डबा छोटा! फर्मवेअर अपडेट केलं असतं तर काही झालं नसतं, पण अपडेट करायला सर्व्हर बंद करावा लागू शकतो आणि सर्व्हर बंद म्हटलं की शेठच्या पोटात दुखतं, मग वर मलाच विचारतात की कसं काय झालं.

बॅकअप होता, एका दिवसाच्या एंट्र्या तेवढ्या गेल्या, त्याही काकांच्या वहीत पेनाने लिहिलेल्या निघाल्या. शेठनी सगळ्यांसमोर सांगितलं, प्रॉब्लेम काकांनी पकडला. मी रात्रभर जमिनीवर बसलो होतो त्याचं काही नाही.

नवीन ड्राइव्हचं फर्मवेअर मी तीनदा तपासलंय. तरी काका रोज सकाळी दारातून विचारतात, "आज किती तास झाले रे?"

आणि मी सांगतो. काल ३१२ होते.