साठ रुपयांचा कापूस आणि पन्नास हजारांचा टी-शर्ट

एका टी-शर्टात कापूस किती रुपयांचा, याचा मंगेशने मांडलेला हिशेब बिनतोड होता. २०० ग्रॅमच्या सुती टी-शर्टला घट धरून पाव किलो रुई (सरकी काढलेला कापूस) लागते. क्विंटलभर कापसातून साधारण ३३-३४ किलो रुई निघते, म्हणजे पाऊण किलो कापूस झाला. आणि २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये असल्याने एवढा कापूस ६१ रुपयांचा. त्याची शेती हिंगणघाटकडची, त्यामुळे हे आकडे त्याला तोंडपाठ आहेत. नागपूरच्या धरमपेठेतल्या लक्ष्मीभुवन चौकात, चहाच्या ठेल्याशेजारी, सायली आम्हांला मोबाइलवर युरोपातल्या एका बड्या फॅशन घराण्याचा साधा पांढरा टी-शर्ट दाखवत होती आणि त्याची किंमत होती ५०० युरो, म्हणजे ५० हजार रुपयांच्या घरात. “काऊन बे, बाकीचे पैसे जातात कुठं?” असे मंगेशने विचारले आणि तिथून वाद पेटला.

सायलीने फॅशन डिझाइनचे शिक्षण घेतले आहे. तिच्या मते कापूस तोलून कपड्याची किंमत काढणे हाच मुळात अन्याय आहे, कारण एक नमुना पसंत होण्याआधी अनेक नमुने शिवून बाद केले जातात आणि तो सगळा खर्च मोजक्या नगांवर पडतो. तिने विकुन्याचे उदाहरण दिले. अँडीज पर्वतातल्या या प्राण्याची लोकर साधारण दोन वर्षांतून एकदाच कातरता येते आणि एका खेपेला पाव किलोच्या आसपासच मिळते. तिचा कोट स्वस्त होणारच कसा? पॅरिसच्या ‘ओत कुतूर’, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने हाताने घडवलेल्या उंची पोशाखावरही शेकडो तासांचे हातकाम असते. मला हे पटले, पण तेवढ्यापुरतेच. या टी-शर्टात ना विकुन्या होता ना हातकाम.

सुधीरभाऊ सनदी लेखापाल असल्याने त्यांनी ताळेबंदाकडे मोर्चा वळवला. लुई व्हित्तों आणि दिओर ज्यांच्याकडे आहेत त्या एलव्हीएमएच समूहाचे २०२३ चे हिशेब पाहिले, तर १०० युरोंच्या विक्रीमागे माल तयार करण्याचा खर्च साधारण ३१ युरो आणि दुकाने, जाहिरात व विक्रीचा खर्च ३६ युरोंच्या आसपास दिसतो. म्हणजे वस्तू बनवण्यापेक्षा ती विकणे महाग पडते. त्या आकड्यांत दारू आणि अत्तरेही आहेत. नुसता फॅशन व चामडी वस्तूंचा विभाग घेतला, तर ४२.२ अब्ज युरोंच्या विक्रीवर १६.८ अब्जांचा कार्यचालन नफा, म्हणजे रुपयाला ४० पैसे. भाडे आणि जाहिरात यांनीच किंमत फुगते, ही समजूत इथे अपुरी ठरते. (आपल्याकडे आयातशुल्क आणि २,५०० रुपयांवरच्या कपड्यांवरचा १८ टक्के जीएसटी यांची भर पडते, पण तो वेगळा विषय.)

मग हा नफा टिकतो कसा, याचे उत्तर निखिलने दिले आणि त्या दिवशीचे सर्वांत नेमके बोलणे मला त्याचेच वाटले. त्याचे गांधीबागेत कापडाचे दुकान आहे. दिवाळी सरली की उरलेला माल पडत्या भावात काढावाच लागतो, कारण पैसा अडकून राहणे त्याला परवडत नाही. बर्बेरी या ब्रिटिश फॅशन कंपनीने मात्र २०१७-१८ या आर्थिक वर्षात २.८६ कोटी पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला होता; गदारोळ झाल्यावर २०१८ मध्ये कंपनीने ही प्रथा बंद केली. निखिलच्या मते यात वेडेपणा नव्हता, कारण तोच कोट उद्या निम्म्या भावात मिळाला, तर काल पूर्ण पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाची मान खाली जाते, आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. त्याला कोटाइतकीच, तो इतरांना परवडत नाही ही खात्रीही हवी असते. थॉर्स्टाइन व्हेबलेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाविषयी, म्हणजे ऐपत दाखवण्यासाठी केलेल्या खर्चाविषयी, जे मांडले, ते निखिलने न वाचताच सांगितले.

मंगेशचे समाधान झाले नाही. ज्यांचे हात लागले त्यांना काय मिळाले, हे त्याला हवे होते. मार्च २०२३ मध्ये दिओरने गेट वे ऑफ इंडियासमोर सोहळा केला आणि मुंबईच्या भरतकामाचा जाहीर गौरव केला, हे सायलीने आवर्जून सांगितले. त्यावर सुधीरभाऊंनी मिलानच्या न्यायालयाची आठवण करून दिली. जून २०२४ मध्ये दिओरची इटलीतली एक उत्पादक कंपनी न्यायालयीन देखरेखीखाली आली, तेव्हा २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जुळणीसाठी पुरवठादाराला, चामडे वगळून, ५३ युरो दिले गेल्याचे कागदपत्रांत दिसले. पुढच्या फेब्रुवारीत ती देखरेख उठली.

“मग आपल्या भंडाऱ्याच्या कोसा रेशमाला असा भाव का नाही?” असे मंगेशने विचारले. या रेशमाच्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याने नाव राखले जाते, भाव नव्हे, असे निखिलचे म्हणणे पडले. भाव राखायचा तर गिऱ्हाईक परत पाठवण्याची आणि माल वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याची ऐपत लागते, आणि विणकराला तर पुढच्या सुताचे पैसे याच साडीतून काढायचे असतात.