खुलासा: चुंबक बसवल्याने वीज दुप्पट होत नाही

‘गाडीच्या अल्टरनेटरमध्ये निओडिमियम चुंबक बसवा, ओढ्यावर दुप्पट वीज मिळेल’ हा दावा चुकीचा आहे. (अल्टरनेटर म्हणजे गाडीतला जनरेटर; ओढ्यावर तो टर्बाइनने, म्हणजे पाण्याच्या चक्राने फिरवतात. निओडिमियम हे शक्तिशाली कायम चुंबक.) वीज पाण्यातूनच येते. सेकंदाला 10 लिटर पाणी 10 मीटरवरून आले तर त्यात 981 वॅटच असतात. छोट्या संचात हाती निम्मे लागले तरी उत्तम. चुंबकांमुळे वाचतो तो फील्ड कॉइलचा (वीज दिल्यावर चुंबक बनणाऱ्या फिरत्या वेटोळ्याचा) 3-4 अँपिअरचा खर्च. कमी आरपीएमवर (मिनिटाला कमी फेऱ्यांवर) बॅटरीचे चार्जिंग हवे तर स्टेटरही, म्हणजे वीज जिच्यात तयार होते ती स्थिर वेटोळी, रिवाइंड करा (नव्याने गुंडाळा): वेढे दुप्पट, तार निम्म्या छेदाची. करंटही निम्मा होतो.

खरा धोका वेगळाच. फील्ड कॉइल काढली की रेग्युलेटरच्या (तिचा करंट बदलून व्होल्टेज आवरणाऱ्या भागाच्या) हाती काही उरत नाही. बॅटरी सुटली की टर्बाइन पळते, व्होल्टेज चढते, डायोड (एसीचे डीसी करणारे भाग) जळतात. म्हणून डंप लोड (जादा वीज उष्णतेत जिरवणारा हीटर) हवाच, तोही बॅटरीच्या फ्यूजआधी, जनरेटरच्या बाजूला. साधे निओडिमियम 80 अंशांपुढे चुंबकत्व गमावते, हेही ध्यानात ठेवा.